पाठदुखी, ऑर्थो चप्पल आणि नसलेलं स्टूल

मागच्या दिवाळीआधी नाशिकला कॉलेज रोडवरच्या एका दुकानात मी तळपायांचा फोटो काढून घेतला. काचेच्या पाटावर अनवाणी उभं राहायचं आणि समोरच्या पडद्यावर आपल्या तळव्यांची रंगीत छबी बघायची. भार जास्त तिथे लाल, कमी तिथे निळं. माझ्या टाचा लालभडक, मधला भाग हिरवट. दुकानातला मुलगा, असेल बावीस-तेवीसचा, पडद्यावर बोट टेकवून डॉक्टरी गांभीर्यानं म्हणाला, "मॅडम, तुमची आर्च, तळव्याची कमान, बसलीय. म्हणून कंबर दुखते." कंबर दुखते असं मी त्याला सांगितलंच नव्हतं. अर्थात पन्नाशीच्या बाईची कंबर दुखते हे ओळखायला काचेचा पाट लागत नाही. मग त्यानं चार हजार आठशेचा जोड काढला आणि उकिडवं बसून माझ्या पायात चढवला. उठताना त्याचा हात आपसूक स्वतःच्या कंबरेवर गेला. मी विचारलं, "तुम्ही किती वाजता येता?" "साडेदहाला. रात्री साडेनऊला सुटतो." "आणि बसायला?" तो हसला. "बसलो की कॅमेऱ्यात दिसतं." त्याच्या पायात दुकानाच्या गणवेशातला पातळ तळाचा काळा बूट होता. डाव्या करंगळीपाशी तो फुगून चिरला होता.

पादत्राणं आणि पाठ या विषयावर आपल्याकडे सध्या जो वाद चालतो त्यात हा मुलगा कुठेच नसतो. एका बाजूला ऑर्थोवाले. त्यांचं म्हणणं असं की पाय हा इमारतीचा पाया, पाया कलला की वरचे मजले कलणारच. तेव्हा कमानीला आधार देणारी, टाच घट्ट धरणारी चप्पल घ्या, कणा आपोआप सरळ होईल. दुसऱ्या बाजूला अनवाणीवाले. जून २०२५मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाच्या मॉडेलांच्या पायात आपल्या कोल्हापुरीची नक्कल दिसली, आपला स्वाभिमान जागा झाला, आणि तेव्हापासून या बाजूला भलताच जोर चढलाय. आजोबा अनवाणी नांगर धरायचे, जत्रेला जाताना कोल्हापुरी घालायचे, त्यांना कधी स्लिप डिस्क झाली होती का, असा बिनतोड समजला जाणारा सवाल. माझ्या मते दोन्ही बाजू एकाच चुकीच्या प्रश्नावर भांडताहेत. पादत्राणं पायांसाठी नीट पारखून घ्यावीत, जरूर घ्यावीत. पण पाठ बरी करण्याचं काम त्यांच्यावर सोपवू नये, ते त्यांना झेपत नाही. आणि ज्यांच्या पाठीचा पायातल्या बुटाशी रोजचा संबंध येतो, त्या दुकानातल्या मुलामुलींना, वॉचमनना, नर्सना, शाळकरी पोरांना पायात काय घालायचं आणि किती तास उभं राहायचं हे ठरवायची मुभाच नसते. सार्वजनिक प्रश्न म्हणावा असा तो हाच.

ऑर्थोवाल्यांची बाजू अगदीच पोकळ आहे असं मी म्हणणार नाही. पादत्राण हे औषध असू शकतं याचा सगळ्यात ठसठशीत पुरावा आपल्याच देशातला आहे. कुष्ठरोगात पायांची संवेदना जाते, खडा रुतला तरी कळत नाही, जखम होते, चिघळते, बोटं झडतात. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की ही बोटं रोगामुळे आपोआप गळत नाहीत, न कळणाऱ्या इजांमुळे जातात. आणि त्या इजा टाळायला मऊ तळाची चप्पल पुष्कळ काम करते. मायक्रोसेल्युलर रबराची ती साधी चप्पल, जिला दवाखान्यात सगळे 'एमसीआर' म्हणतात, आजही कुष्ठरोग्यांना सरकारी कार्यक्रमातून मोफत मिळते आणि मधुमेह्यांच्या पायांनाही तीच वाचवते. तिथे चपलेची निवड म्हणजे पाय राहणार की जाणार याचा निर्णय. शिवाय ज्यांचा एक पाय थोडा आखूड आहे आणि कंबर जुनी दुखते, त्यांना बुटात पातळ उंची दिल्यावर आराम पडल्याचं एका लहानशा इस्रायली अभ्यासात दिसलं होतं. २०१७मध्ये अमेरिकेत २२५ जणांवर केलेल्या चाचणीत पायाच्या मापानं बनवलेले, बुटात घालायचे तळ वापरणाऱ्यांची कंबरदुखी सहा आठवड्यांत कमी झाली. उंच टाचांचं म्हणाल तर त्या गुडघ्यावरचा ताण वाढवतात आणि वर्षानुवर्षं घातल्या तर पोटरीचा स्नायू आखडतो, हे मोजून झालेलं आहे. टाचदुखीनं हैराण झालेल्या बाईला डॉक्टर घरातल्या टाइल्सवर चप्पल घालून वावरायला सांगतात आणि ती दोन महिन्यांत सुखानं चालू लागते, हे तर आपण घरोघरी बघतो.

पण ही यादी नीट वाचली तर तीत पाय आहे, टाच आहे, पोटरी आहे, गुडघा आहे. पाठ तिथे चोरपावलांनी येते. २२५ जणांच्या त्या चाचणीत तुलना कोणाशी होती? ज्यांना काहीच दिलं नव्हतं, नुसतं थांबायला सांगितलं होतं त्यांच्याशी. आपल्या हाती काही पडलं नाही हे ज्याला ठाऊक आहे त्याचं दुखणं सहा आठवड्यांनी विचारलं तर तो काय सांगणार? उलट कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेचा २००७चा आढावा घ्या. तोवरच्या चाचण्या एकत्र करून त्यानं स्पष्ट लिहिलं की बुटातल्या तळांनी पाठदुखी टळत नाही. २०१६मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात २१ चाचण्यांचा आणखी मोठा आढावा आला. त्यात व्यायाम आणि त्याच्या जोडीला माहिती मिळालेल्यांमध्ये पाठदुखीचा धोका ४५ टक्क्यांनी कमी भरला. कंबरपट्टा आणि बुटातले तळ मात्र निरुपयोगी ठरले. मला सगळ्यात आवडते ती लंडनमधली २०१३ची चाचणी. जुनाट कंबरदुखीच्या ११५ जणांना वाटून दोन प्रकारचे बूट दिले. काहींना होडीसारखा गोल तळ असलेले, 'पोश्चर सुधारतो' म्हणून महाग विकले जाणारे, बाकीच्यांना साधे सपाट. दोन्ही गटांना बरोबर थोडा व्यायामही होता. वर्षानंतर दोन्ही गट सारखेच सुधारले होते. आणि ज्यांची कंबर उभं राहून किंवा चालून दुखायची, त्यांना सपाट बूटच जास्त मानवला.

तळव्याच्या फोटोवरून बूट निवडायची जी पद्धत दुकानात चालते तिचीही परीक्षा झाली आहे, आणि ती घेतली अमेरिकी लष्करानं. सेना, हवाई दल आणि मरीन कोअर या तिन्हींत नव्या भरतीच्या हजारो जवानांचे तळवे तपासले. एका गटाला कमानीच्या आकाराप्रमाणे वेगवेगळे बूट, दुसऱ्या गटाला सरसकट एकच. प्रशिक्षणातल्या दुखापती दोन्हीकडे सारख्याच. जे पाठीवर ओझं घेऊन रोज मैलोन् मैल धावतात त्यांनाही त्या लाल-निळ्या चित्राचा उपयोग झाला नाही. मग मॉलपासून पार्किंगपर्यंत चालणाऱ्या मला तो कितीसा होणार? तरीही माणसं शपथेवर सांगतात की अमुक चप्पल घेतली आणि कंबर थांबली. ती खोटं बोलत नाहीत. कंबरदुखीला भरती-ओहोटी असते. माणूस चार हजार खर्चायला कधी निघतो? दुखणं कळसाला पोचल्यावर. कळसावरून पुढे खालीच यायचं असतं. ते बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपलं आपणच उतरतं आणि श्रेय पायातल्या वस्तूला मिळतं.

आपल्याकडे हा उपचार फार जुना आहे. कंबरेत उसण भरली की पायाळू माणूस शोधायचा आणि त्याच्याकडून पाठीवर हलकेच लाथ मारून घ्यायची. माझ्या आजोळी एक पायाळू काकू होत्या. भल्या पहाटे त्यांच्या ओट्यावर गावातले दोन-चार बाप्ये पालथे पडलेले मी पाहिलेत. पायानं पाठ बरी होते ही श्रद्धा आपण सोडलेलीच नाही. काकू पैसे घेत नसत, एवढाच काय तो फरक.

विज्ञानाचा अंगरखा घालून बूट विकण्याचीही परंपरा आहे. १९२०च्या दशकापासून अमेरिका आणि इंग्लंडमधल्या बुटांच्या दुकानांत एक लाकडी पेटी असायची. मुलानं नवा बूट घालून पाय त्या पेटीत घालायचा, आणि आई, मूल, दुकानदार तिघांनी वरच्या तीन झरोक्यांतून बुटातली हाडं बघायची. क्ष-किरणांचं यंत्र होतं ते, आणि मुलं गंमत म्हणून पुन्हापुन्हा पाय घालायची. माप बरोबर बसतंय हे हाडं पाहून कळतं, असा दावा. किरणोत्साराचा धोका लक्षात येऊन पेनसिल्व्हेनियानं १९५७मध्ये त्यावर बंदी घातली आणि हळूहळू ती पेटी सगळीकडून गेली. आताच्या काचेच्या पाटानं तसली इजा होत नाही हे खरं. पण युक्ती तीच. यंत्र चित्र दाखवतं, चित्रावरून निदान होतं, निदानातून जोड विकला जातो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं स्नायू घडवण्याच्या नावाखाली विकलेल्या बुटांबद्दलच्या फुगवलेल्या दाव्यांपायी २०११मध्ये रीबॉककडून अडीच कोटी आणि २०१२मध्ये स्केचर्सकडून चार कोटी डॉलर वसूल केले. 'निसर्गाकडे परत चला' म्हणणारेही यातून सुटले नाहीत. पाच बोटांच्या हातमोज्यासारखे बूट काढणाऱ्या व्हिब्रमनं २०१४मध्ये साडेसदतीस लाख डॉलर देऊन खटला मिटवला. म्हणजे अनवाणीपणही खोक्यात भरून विकता येतं.

आता अनवाणीवाल्यांकडे वळते. त्यांच्या बाजूचा सर्वांत वजनदार पुरावा ते स्वतः क्वचितच देतात, म्हणून मीच देते. १९९२मध्ये राव आणि जोसेफ या भारतीय डॉक्टरांनी ४ ते १३ वर्षांच्या २३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले. पादत्राणं घालणाऱ्यांत सपाट तळवे ८.६ टक्के, अनवाणी वाढणाऱ्यांत २.८ टक्के. बंद बूट घालणाऱ्या मुलांत प्रमाण सर्वांत जास्त, चप्पल-सँडलवाल्यांत त्याहून कमी. लहान मुलाच्या पायाला आधाराची नव्हे तर मोकळीकीची गरज असते, हे त्यातून निघतं आणि ते मला पटतं. 'कमान बसू नये म्हणून' दोन वर्षांच्या पोराला ताठ बूट घालणाऱ्या आईबापांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं.

पण मोकळ्या पायांची मुलं हा एक मुद्दा झाला, आणि आजोबांना पाठदुखी नव्हती हा निराळाच. कोणी मोजली होती आजोबांची पाठदुखी? ज्या भाषेत उसण, लचक, चमक, कंबर धरणे, कंबरेत भरणे, कणा मोडणे एवढे शब्द पाठीच्या दुखण्याला आहेत, ती भाषा बोलणारे लोक पाठदुखीविना जगले असं मानायचं? भाताच्या लावणीला दिवसभर चिखलात वाकून उभ्या राहणाऱ्या बायका अनवाणीच असतात. त्यांना विचारून बघा. शेतातल्या मातीत आणि शेणानं सारवलेल्या जमिनीवर चालणारा पाय वेगळा आणि व्हिट्रिफाइड टाइल्सवर दहा तास उभा राहणारा पाय वेगळा, हा साधा हिशोबही या मांडणीत हरवतो.

कोल्हापुरीबद्दल मला अभिमान आहे. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं, खिळा न मारता कातड्याच्याच वादीनं शिवलेला तळ, २०१९मध्ये महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांना मिळून लाभलेलं भौगोलिक मानांकन, सगळं खरं. पण नवी कोल्हापुरी पहिले पंधरा दिवस अंगठ्याच्या बेचक्यात काय करते ते घालणाऱ्यालाच माहीत. आम्ही तेल चोळून चोळून ती माणसाळवतो. ती सपाट असते, बोटांना पसरायला जागा देते, हे तिचे गुण. मागून मोकळी, कडक आणि पावसात निरुपयोगी, हे तिचे दोष. तिला कण्याचं औषध करून टाकलं की ती बनवणाऱ्या कारागिराला काहीच मिळत नाही, आपली छाती तेवढी फुगते. आणि आजोबांच्या अनवाणीपणाचे गोडवे गाताना एक गोष्ट सोयीनं विसरली जाते. कित्येकांचे आजोबा अनवाणी होते कारण चपलेला पैसे नव्हते. आणि काहींचे आजोबा अनवाणी होते कारण पाटलाच्या वाड्यावरून जाताना त्यांनी वहाणा काढून हातात घ्याव्यात असा गावाचा दंडक होता. 'पायीची वहाण पायीच बरी' ही म्हण कोणी कोणाला ऐकवायची, हे काय सांगायला हवं?

पायात काय असावं हे कधीच निव्वळ आरोग्याचं प्रकरण नव्हतं. १८६२ साली सुरतेच्या फौजदारी अदालतीत असेसर (न्यायाधीशाला सल्ला देणारे) असलेले मानकजी कावसजी एंटी यांनी सत्र न्यायाधीशासमोर जोडे काढायला नकार दिला. जोडे काढणं हीच हिंदुस्थानी आदराची रीत, असं न्यायाधीश म्हणत होते. मानकजी हटले नाहीत, त्यांना दालनात येऊ दिलं नाही, आणि त्यांनी मुंबईच्या गव्हर्नरकडे निषेधाचं पत्र धाडलं. त्या काळात सरकारी कचेऱ्यांत विलायती बूट घालणाऱ्याला जोडे काढण्यातून सूट होती, देशी जोड्याला नव्हती. आपले लोक उत्तर देत की घरात आणि देवळात आम्ही जोडे काढतो ते धुळीमुळे आणि कातड्यामुळे. कचेरी म्हणजे देऊळ नव्हे. कचेऱ्यांचं हे भांडण कित्येक वर्षं चाललं. कोणाच्याही डोक्यात तेव्हा तळव्याची कमान नव्हती. हुकूम कोणाचा चालणार, एवढाच तो झगडा होता.

आज तोच हुकूम गणवेशाच्या रूपात येतो. जपानमध्ये २०१९ साली युमी इशिकावा या अभिनेत्रीनं कामावर उंच टाचांची सक्ती नको म्हणून मोहीम काढली. तिचं नाव 'कुटू'. जपानीत 'कुत्सु' म्हणजे बूट आणि 'कुत्सू' म्हणजे वेदना, त्यावरची ती कोटी. त्यावर मजूरमंत्री संसदेत म्हणाले की काही कामांत टाचा आवश्यक आणि रास्त आहेत. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियानं ही सक्ती २०१७मध्येच मोडीत काढली होती. पण मला खरी शहाणी वाटली ती त्याच वर्षीची फिलिपिन्सची आज्ञा. मॉलमधल्या विक्रेत्या बायकांसाठी कामगार संघटनांनी तिचा पाठपुरावा केला होता. टाच एक इंचापेक्षा उंच नको, एवढ्यावर ती थांबली नाही. उभं राहून काम करणाऱ्यांना मध्ये विश्रांती द्या आणि बसायची सोय करा, असंही तिनं मालकांना बजावलं. बूट आणि खुर्ची एकाच कागदावर आली. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या प्रयोगांत असं दिसलं की कधीही पाठ न दुखलेल्या धडधाकट माणसांनाही दोन तास एका जागी उभं केलं तर त्यातल्या निम्म्याच्या आगेमागे माणसांची कंबर दुखू लागते. तीही दोन तासांत. कॉलेज रोडवरचा तो मुलगा अकरा तास उभा असतो.

बसण्याची सोय ही काही आकाशातून पडलेली मागणी नाही. इंग्लंडनं १८९९मध्ये कायदा करून दर तीन विक्रेत्या बायकांमागे निदान एक आसन ठेवायला दुकानदारांना भाग पाडलं. आपल्या १९४८च्या कारखाने कायद्यात ४४व्या कलमानं उभं राहून काम करणाऱ्या कामगारांसाठी बसण्याची व्यवस्था सांगितली होती. पण साडीचं दुकान म्हणजे कारखाना नव्हे. केरळमध्ये कोळिकोडच्या बाजारात शिवणकाम करणाऱ्या विजी यांनी बायकांची संघटना बांधली. कापडदुकानातल्या मुलींना दिवसभर बसू देत नसत, लघवीला जाऊ देत नसत, म्हणून त्या पाणीच कमी प्यायच्या. बरीच वर्षं आंदोलन चाललं तेव्हा कुठे २०१८मध्ये केरळनं दुकान कायद्यात बसण्याचा हक्क घातला. २०२१मध्ये तमिळनाडूनं तेच केलं. मग महाराष्ट्रात, जिथे पुण्याच्या लक्ष्मी रोडपासून नाशिकच्या मेन रोडपर्यंत दिवाळीच्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते, तिथे या मागणीचा मोठा आवाज का उठत नाही? आपण चपलेतल्या कमानीच्या उंचीवर वाद घालतो आणि ती चप्पल पायात चढवणाऱ्याच्या पायाकडे बघत नाही.

दुकानदारांचं म्हणणं मी ऐकलंय. आठ बाय दहाच्या गाळ्यात स्टूल कुठे ठेवायचं? मुलं बसली की मोबाइल काढतात. गिऱ्हाईक आत आलं आणि माणूस बसलेला दिसला तर आपली किंमत नाही असं त्याला वाटतं. पहिली अडचण खरी आहे, पण घडीचं स्टूल भिंतीला टांगता येतं. दुसरी अडचण उभ्या माणसालाही लागू आहे. तिसरीबद्दल दुकानदाराला काय बोलायचं, ते गिऱ्हाईक आपणच आहोत. गंमत म्हणजे जुन्या पद्धतीच्या साडीच्या दुकानात पांढऱ्या गादीवर विक्रेताही बसायचा आणि आपणही बसायचो, मांडीवर पदर पसरून साड्या बघायचो. त्यात कोणाचा अपमान होत नव्हता. काचेची दारं आणि एसी आला तेव्हाच विक्रेत्याच्या अंगाखालची गादी गेली.

"मग प्रत्येकानं आपापली जबाबदारी घ्यायचीच नाही का? व्यायाम कर, वजन कमी कर, चांगला बूट घे." घ्यावी की. २०२०मध्ये जगभरात सुमारे ६१.९ कोटी माणसं कंबरदुखीनं बेजार होती, आणि जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यांत व्यायाम आणि माहितीवर भर आहे, कंबरपट्टे वापरू नका असाही सल्ला आहे. पण साडेदहा ते साडेनऊ उभा राहिलेला माणूस व्यायाम कधी करणार? ज्याच्या हातात वेळ आहे, पैसा आहे आणि बसायला खुर्ची आहे, त्याच्यासाठी जबाबदारीची भाषा फार सोपी असते.

हाच न्याय शाळेला लावून बघा. २०२३मध्ये राज्य सरकारनं सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या मुलांना गणवेशाबरोबर एक जोड बूट आणि दोन जोड पायमोजे द्यायचं ठरवलं, त्यासाठी दर मुलामागे १७० रुपये. अनवाणी पोराच्या पायात काही येतंय याचा मला आनंदच आहे, आणि "१७० रुपयांत काय बूट येणार" अशी नुसती टिंगल करून प्रश्न सुटत नाही. प्रश्न असा की बंद बूटच का? वाढत्या पायाला मोकळीक हवी, हे तर २३०० मुलांच्या ठशांनी दाखवलं. कोकणात, इगतपुरीत जून ते सप्टेंबर बंद बूट आणि ओले मोजे म्हणजे बोटांच्या बेचक्यांत पांढरी पडून सोललेली कातडी. मागे पट्टा असलेली साधी सँडल त्याच पैशात जास्त दिवस चालते, वाळते लवकर, आणि पाय वाढला तरी पट्ट्याचं भोक बदलून निभावते. मापाचंही तेच. आपण अजून विलायती मापानं बूट घेतो. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं १,०१,८८० लोकांचे पाय मोजले तेव्हा कळलं की भारतीय पाय युरोप-अमेरिकेच्या मानानं रुंद असतो. त्यावरून 'भा' या नावानं भारतीय मापांची रचना सुचवली गेली. म्हणजे इतकी वर्षं करंगळीला घट्टे पडत होते त्यात पायाचा काही दोष नव्हता.

एवढं लिहून "बाई, मग चप्पल कोणती घेऊ" असं कोणी विचारेलच. संध्याकाळी घ्यायला जावं, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. मोठ्या पायाच्या मापाची घ्यावी, कारण दोन्ही पाय सारखे क्वचितच असतात. उभं राहिल्यावर सगळ्यात लांब बोटाच्या पुढे अंगठ्याएवढी जागा असावी. बूट हातात घेऊन वाकवावा. बोटांच्या मुळाशी वाकला तर ठीक, मधोमध दुमडला तर परत ठेवावा. मागून सुटी चप्पल दिवसभराच्या चालीला नको, ती धरून ठेवण्यातच बोटं आखडून जातात. टाच कमी असावी. नव्या जोडात दुकानातच पाचदहा मिनिटं फिरावं. दुकानात चावणारा जोड घरी येऊन सुधारेल या आशेवर घेऊ नये (कोल्हापुरीपुरता अपवाद, तिथे मी हरले). मधुमेह असेल, पायाला मुंग्या येत असतील, एक पाय आखूड असेल तर मात्र दुकानदाराचं ऐकू नये, डॉक्टरांकडे जावं. यातल्या कशानंही पोक जाणार नाही. पाय सुखी होतील, मग माणूस चालेल, आणि चालण्यानं पाठीला जे काही बरं वाटायचं ते वाटेल.

चार हजार आठशेचा जोड मी घेतला नाही. अकराशेची रुंद, पट्ट्याची सँडल घेतली. त्या मुलाला तिच्यावर बहुधा कमिशन कमी असावं, पण त्यानं तोंड वाकडं केलं नाही. बिल करताना मी काउंटरवरच्या शेठना विचारलं, "मुलांना बसायला काही ठेवत नाही का?" ते म्हणाले, "आहे ना ताई, स्टूल आहे." आणि त्यांनी मागे हात दाखवला. स्टूल होतं. त्याच्यावर ऑर्थो चपलांची खोकी छतापर्यंत रचून ठेवली होती.